साबण लिंपणारा मिस्त्री

मंडळी, आज दुपारी सूड उगवला.

भोरच्या मिस्त्रीनं माझ्या मोटारीच्या गिअरपेटीची तेलगळती चक्क साबण लिंपून बुजवली होती. साबण वितळला, तेल वाहिलं. जाब विचारला तर म्हणाला, "तुमाला हाकताच येत न्हाई!"

आज तोच दारात हजर. पुतणीसाठी वेल्ह्याचं स्थळ पाहायला न्या म्हणे. नेलं. चढावर गिअर कुरकुरले, तशी मोटार थांबवली. नवं पॅकिंग आणि तेलाचा डबा मी मुद्दाम बरोबर घेतलाच होता.

"मिस्त्री, शिरा खाली."

"आवो, धोतर नवं हाय!"

"मग स्थळ राहू द्या."

शिरला. काम चोख केलं.

वेल्ह्यात मुलाकडच्यांनी मलाच मुलीचा काका समजून पाटावर बसवलं. तेलानं माखलेल्या मिस्त्रीला मोटारीचा क्लीनर समजून चहा बाहेर ओट्यावर दिला.

मी सावकाश दोन कप प्यायलो. खरं किती वेळानं सांगायचं असतं हो?