आपल्यातला पाव

माझ्या बहिणीचा, आल्तेचा, नवरा हार्मेन ब्रिंकहाउस माणूस पारखायला एकच प्रश्न विचारायचा, "आपल्यातला का त्यांच्यातला?" उत्तर मिळालं की त्याची पारख संपली. आपण प्रोटेस्टंट, ते कॅथलिक. हॉलंडातल्या आमच्या गावात तेव्हा शेळीपालकांचेसुद्धा दोन संघ होते. शेळ्यांना त्याचा पत्ता नसावा. हार्मेन आपल्या संघाचा अध्यक्ष होता. जन्मात त्याने तेवढंच मिळवलं, तेही दुसरं कोणी उभं राहिलं नाही म्हणून.

शेजारीच ओल्टहॉफची बेकरी होती, पण ओल्टहॉफ त्यांच्यातला. ताज्या पावाचा वास घरात शिरला की हार्मेन खिडकी लावून घ्यायचा आणि सायकल काढून थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेसेल्सकडे जायचा. वेसेल्सचा पाव मधे कच्चा असायचा, आणि वजनात मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तो चर्चमध्ये वर्गणीची पेटी फिरवायचा.

"माणूस आपला आहे," हार्मेन म्हणायचा.

आल्ते कच्चा भाग काढून शेळीला घालायची.

एका हिवाळ्यात ती दारासमोरच्या बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेवढ्यात वेसेल्स तिथून चालला होता. चर्चच्या बैठकीला उशीर होत होता त्याला. "कोणाला तरी पाठवतो," म्हणाला आणि गेला. कोणाला पाठवलं नाही. पिठाच्या हातांनी धावत आला तो ओल्टहॉफ. त्याने आणि त्याच्या बायकोने, त्रौसने, तिला फळीवर घालून घरात आणलं. डॉक्टरही त्यानेच आणला.

मी मदतीला राहायला गेले. आपली माणसं भेटायला यायची, प्रार्थना म्हणायची, माझ्या हातची कॉफी प्यायची आणि संघाच्या वार्षिक सभेचा केक दरवर्षी आल्ते करायची, त्याचं यंदा कसं करायचं ते तिलाच विचारायची. त्रौस मागच्या दाराने सूप घेऊन यायची आणि आल्तेचे केस धुऊन द्यायची.

"बाई बरी आहे," हार्मेन म्हणाला, "पण शेवटी त्यांच्यातलीच." सूप मात्र तो वाडगं पुसून खायचा.

वसंतात आल्ते काठी टेकत बाहेर पडली, ती भर सकाळी, सगळ्यांच्या देखत ओल्टहॉफच्या दुकानात शिरली. पाव आणून तिने टेबलावर ठेवला.

"लोक काय म्हणतील?" हार्मेनने विचारलं.

"कुठले लोक? मी रस्त्यात पडले होते तेव्हा बघून पुढे गेले, ते?"

"वेसेल्सला बैठकीची घाई होती."

"मग तू त्याचाच पाव खा. मी नाही खाणार."

आणि खरोखरच त्याने तोच खाल्ला, मरेपर्यंत. एका टेबलावर दोन पाव असायचे, आणि हा आपला चिकट गोळा चघळत बसायचा, जणू धर्मासाठी हाल सोसतोय.

तो गेला तेव्हा ओल्टहॉफ अंत्यविधीला आला. आमच्या चर्चमध्ये पाऊल टाकायला त्याच्या पाद्र्याची बंदी होती. तो पाद्रीही हार्मेनच्याच जातकुळीतला, नुसता झगा वेगळा. ओल्टहॉफ दाराशी घुटमळला, मग टोपी काढून आत आला. आल्तेने त्याला बोलावून आपल्या शेजारी बसवलं. मागे कुजबुज सुरू झाली. आल्तेने वळूनही पाहिलं नाही.