चकचकीत बाजू खाली

“सोड म्हणतो न्हवं. गपगुमान कागद सोड, न्हायतर कात्रीनं फाडून काढीन.”

वडगावच्या मामांच्या घरात मी शिरलो तेव्हा ही धमकी चालू होती. धमकी होती फोटो छापायच्या प्रिंटरला. पण आवाज असा, की समोरच्या घरातला माणूससुद्धा हातातला पेपर खाली ठेवून उगाच उभा राहिला. हे माझ्या बायकोचे थोरले मामा. यांच्याएवढा हट्टी माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही, आणि झाला असलाच तर यांच्या शेजारी चार दिवस राहून सुधारला असेल. जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे मामांनी कानात सांगितलेलं गुपित सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्यालाही कळायचं.

मामांचा एकच धर्म होता. घरात होण्यासारखं काम बाहेर द्यायचं नाही. केस घरी कापायचे, चपलांना टाके घरी घालायचे. एकदा दाढ ठणकायला लागली तेव्हा दोऱ्याचं एक टोक दाढेला आणि दुसरं मागाला बांधून त्यांनी बटण दाबलं. दाढ आली आणि तिच्याबरोबर शेजारची धडधाकट दाढही आली. “ती बी पुढंमागं दुखणारच हुती की,” मामा म्हणाले आणि माग थांबवायच्या भानगडीत न पडता साडी विणायला बसले.

अशा माणसाच्या घरात प्रिंटर आला तो मामींच्या डोळ्यांमुळे. मामींची साखर डोळ्यांत उतरली होती. आहे ती नजरही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेवढ्यात परदेशातल्या लेकीला मुलगा झाला. बाळाचे फोटो मोबाइलवर येत, पण मामींना त्या काचेत नुसता उजेड दिसे. “कागदावर मोठा करून द्या की कुणीतरी. हातात धरून बघीन, दिसतंय तवर,” एवढंच त्या म्हणाल्या. शहापुरातल्या कुठल्याही स्टुडिओत हे काम चहा निवायच्या आत झालं असतं. मी तसं बोललोही. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मामींना शेजाऱ्यांकडे जेवायला पाठवा म्हणालो.

“माझ्या नातवाचं तोंड दुसऱ्याच्या मशिनीवर? पावणं, सुम्म, गप बसा.”

प्रिंटरला त्यांनी मागाच्या शेजारी बसवलं, चांगलं वळण लागावं म्हणून. माग सुरू झाला की घरातला दिवा मान टाकायचा आणि प्रिंटर अर्ध्यावर थांबायचा. बाळाचं कपाळ आणि भुवया बाहेर, उरलेलं बाळ आत. मग फोटोवर पांढऱ्या रेघा येऊ लागल्या. शाईची भोकं चोंदलीत, साफ करायचं बटण दाबा, असं मी सांगितलं. “ताण्याचं धागं तुटल्यात,” असं म्हणून मामा चष्मा लावून आत धागे शोधू लागले. शेवटी ते बटण सापडलं, तर एवढं आवडलं की सकाळपासून दाबत बसले, आणि बरीचशी शाई स्वच्छतेतच खपली. पिवळी आधी आटली. बाळ निळंजांभळं निघालं. “साक्षात किस्न,” म्हणत मामा तो कागद आत घेऊन गेले. मामींनी तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “अवो, थंडी वाजायली काय पोराला?”

मी पाहिलेली धमकी त्याच्या पुढची. पातळ कागद आत चुरगळतो म्हणून मामांनी सुताला लावतात तशी खळ त्याला लावून उन्हात वाळवला होता. तो पापडासारखा आत गेला आणि पापडासारखाच मोडला. तुकडे चिमट्याने वेचता वेचता माझी कंबर गेली. पुढच्या खेपेला मीच नवी शाई आणि फोटोचा जाड, चकचकीत कागद घेऊन गेलो आणि सुटलो असं समजलो.

कुठला सुटतोय. आता शाई वाळेचना. मामा फोटो साड्यांच्या शेजारी दोरीवर लटकवत, आणि संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे ओघळून हनुवटीवर येत. मी पाहिलं तर मामा कागद उलटा घालत होते. चकचकीत बाजू खाली.

“मामा, छापायचं त्या चकचकीत बाजूवर असतं. पाकिटावर चित्र काढून दाखवलंय.”

“पाकीटवाल्यानं माग बघितलाय काय कधी? साडी पालथी विणत्यात, पावणं. सुलटं अंग खाली. वर ठिवलं तर धूळ बसंल, तेल उडंल. एवढी चांगली बाजू वर करून कोण घालतंय?”

खरंच, त्यांनी विणलेल्या एकाही साडीला कधी डाग लागला नव्हता. असे आठवडे गेले. मामा रोज ओला नातू आत घेऊन जात, मामी दर खेपेला कागद आणखी थोडा जवळ धरत. मग खिडकीकडे तोंड करून धरू लागल्या. मग ‘कुठं हाय तोंड?’ असं विचारू लागल्या, आणि मामा “शाई फाकलिया, उद्या बघ,” म्हणून कागद काढून घेत.

एका दुपारी आतून मामींचा आवाज आला. “अवो, पावणं सांगायलेत तसं घाला की एकदा. तुमची चूक काढत न्हाय कोण.”

 मामांनी उठून माग बंद केला. चांगली बाजू उघडी टाकायची म्हणून आधी कागदावर फुंकर मारली, आणि एखादा गुन्हा करावा तसा तो वर करून घातला. प्रिंटर कुरकुरला नाही, थांबला नाही. बाळ कपाळापासून पायापर्यंत अखंड बाहेर आलं. गालावर तीट, बोळकं उघडून हसणारं, दृष्ट लागेल असं. मामांनी नवी साडी धरावी तसा दोन्ही तळव्यांवर फोटो धरून आत नेला आणि मामींच्या मांडीवर ठेवला.

मामींनी त्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवला.

“कसा हाय गं?” मामांनी विचारलं.

“गुळगुळीत हाय,” मामी म्हणाल्या.