खडा निघावा म्हणून

सोनोग्राफीला न्यायच्या सकाळी मी ताईला साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. तुपातली, कूट सढळ हाताने घातलेली, आणि मीच केलेली.

रात्रीपासून काही खायचं नाही, असं शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून मी मोठ्या हुशारीने एकादशी गाठली. ताईचा त्या दिवशी उपास असतोच, मग वेगळं उपाशी ठेवा कशाला? आणि आमच्या घरात खिचडीला कुणी खाणं म्हणत नाही.

पडद्याकडे बघत बाईंनी विचारलं, "मावशी, काय खाल्लंत?"

"काय नाय. उपास हाय माजा."

मी खिचडीचं सांगितलं. वर, "साजूक तुपातली होती, बाधायची नाही," अशी ग्वाहीही दिली.

तूप पोटात गेलं की पित्ताशय आकसतं; आतलं काही धड दिसत नाही. "उद्या या," बाई म्हणाल्या. "पाण्याशिवाय काही नको. उपासाचंसुद्धा."

ताई मुरबाडकडे, वैशाखरे गावात एकटी राहायची. भातलावणीपासून वाळत चालली होती, पण मला कळवलं नव्हतं. पित्ताशयात काहीतरी आहे, खडा, गाळ की गाठ ते नीट बघून घ्या, असं मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तिला शहापूरला माझ्याकडे आणली. लोक देवाकडे नोकरी मागतात, नातू मागतात. मी बहिणीच्या पोटात दगड मागत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पडद्याजवळ उभं केलं, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. खडा पांढरा चमकतो आणि मागे काळी सावली टाकतो. गाळाची सावली पडत नाही. पण माणूस कुशीवर वळलं की दोन्ही खाली सरकतात.

"मावशी, डाव्या कुशीवर या."

ताई कण्हत वळली. पित्ताशयातलं ते पडद्यावर जिथं होतं तिथंच राहिलं. मागे सावलीही नव्हती.

"पित्ताशयाच्या भिंतीला धरून आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत रक्तही खेळतंय. मुंबईला दाखवा. उशीर करू नका."

मी मागे सरकत सरकत दारापर्यंत आलो होतो. तिथूनच म्हणालो, "अजून एकदा वळवून बघा ना. खडा जड असेल. वेळ लागत असेल त्याला."

बाईंनी ताईच्या हातात पुसायला कागद दिला. ताई उठून बसली, पोटावरचा चिकट थर पुसला, लुगडं नीट केलं.

"गाठ हाय ती, नाय हालायची. तू हाल. दार अडवून उभा ऱ्हायलास, भायेर बाया खोळंबल्यात."