कधीच न मोडलेलं हाड

आमच्या गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की मी तिच्यासमोर तांब्याभर पाणी ठेवते आणि दुकानात परत येते. भूतखेत, करणी, उतारा... सत्तरी ओलांडली, पण यातलं काहीही मला कधी पटलं नाही. अजूनही पटत नाही. तरी या उन्हाळ्यात जे झालं ते झालं. ते आहे तसं लिहिते. कुणाला उत्तर ठाऊक असेल तर सांगावं.

मी नेकनूरची. घराला लागूनच आमचं किराणा दुकान. सकाळी दुकानापुढं सडा टाकताना पाय घसरला आणि डाव्या कुशीवर आपटले. उठले, पण पाय टेकवेना. माझी मुलगी शोभा बीडला दिली आहे. ती जीप घेऊन आली आणि मला बीडच्या एका हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

फोटो काढला. डॉक्टर तरुण, बोलायला बरा. म्हणाला, "आजी, खुबा शाबूत आहे. नुसता मुका मार आहे." मी चप्पल शोधायला लागले, तर म्हणाला, "थांबा. ही मांडी आधी कधी मोडली होती?"

"कधीच न्हाई."

"लहानपणी? नीट आठवा."

"मांडी मोडल्यावर माणूस इसरतंय व्हय?"

त्यानं पडद्यावर दाखवलं. मांडीच्या हाडाच्या मधोमध एका जागी हाड जाड झालेलं. मोडलेलं हाड जुळून आलं की असं दिसतं, म्हणाला. आणि मोडलंच नसेल तर... शोभानं विचारलं, "तर काय?"

"तर गाठ असू शकते. वाईटच असेल असं नाही. उद्या स्कॅन करू."

माझा दीर असल्याच गाठीनं आठ महिन्यांत गेला होता. शोभा त्याच्या उशाशी बसलेली होती. तिचा चेहरा मी बघितलाच नाही, मुद्दाम.

स्कॅनआधी कागद करायचे होते. दवाखान्यात एक मुलगी कॉम्प्युटरवर बसते. डॉक्टरनं लिहिलेला आजार वाचून त्याचा नंबर टाकणं हे तिचं काम. आमचे कागद तिनं दोनदा वाचले.

"आजी, तुमचा नंबरच लागेना."

"रांगेत तर मी एकटीच हाय."

ती हसली. म्हणाली, "तसा नंबर नाही हो. खुब्याजवळ मोडलं तर एक नंबर, मांडीच्या मधे मोडलं तर दुसरा. पडून मोडलं की वेगळा, आजारानं ठिसूळ होऊन मोडलं की वेगळा. जुनं जुळलेलं असलं की आणखी निराळा. फोटो वाचणाऱ्यांनी लिहिलंय – जुनं मोडलेलं, चांगलं जुळलंय. आपले डॉक्टर लिहितात – पेशंट नाही म्हणते, गाठ आहे का बघा. मी टाकू काय?"

"तुला सुचंल ते टाक."

"मनानं नाही टाकता येत, आजी. एकदा चुकीचा गेला की पुढचे सगळे तेच खरं धरतात." मग शोभाकडं वळून म्हणाली, "ताई, घरी कुणाला विचारा ना. डावी मांडी. आजींना आठवत नसेल."

शोभा एकदम म्हणाली, "डावी मांडी तर माझी मोडलीती!"

ते खरं होतं. दहा वर्षांची असताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली. पायाला वजन बांधून तिला खाटेवर ताणून ठेवलेलं. सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायची.

"माय, तू माझी अलाबला घेतलीतीस. कानशिलावर बोटं मोडून म्हणलीस, दे तुझी मांडी मला अन् गप झोप. अन् मी झोपले..."

"गप. सगळ्याच आया म्हणत्यात. तेवढ्यानं हाडं मोडली असती तर मराठवाड्यात एक बाई चालती राहिली नसती."

पण कॉम्प्युटरवरची ती मुलगी दोन्ही कागद घेऊन डॉक्टरकडं गेली, शोभाचं मोडणंही सांगून आली. डॉक्टरनं शोभाचा जुना फोटो मागवला. माझ्या नवऱ्यानं तो दुकानाच्या माळ्यावर जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा तो गावाहून घेऊन आला.

डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरला. मग पडद्याकडं बघितलं. मग पुन्हा खिडकीकडं. हाड आडवं नाही, तिरकं मोडलेलं. वरचा तुकडा जरासा बाहेर सरकलेला. माझ्या हाडातही तीच जागा, तोच तिरपेपणा, तसाच सरकलेला तुकडा. आधी त्याला वाटलं, जुना फोटो माझाच असेल. मग स्वतःच म्हणाला, "नाही, हे लहान मुलीचंच हाड आहे." शोभाचाही नवा फोटो काढला. तिच्या मांडीत काहीच नाही, कोऱ्या पाटीसारखी.

"लहानपणी मोडलेलं असं पुसून जातं," तो म्हणाला. "यांचं समजतं मला. तुमचं समजत नाही."

दुपारी स्कॅनचा कागद आला. गाठ नाही. कसलाच आजार नाही. जुनं मोडलेलं हाड, उत्तम जुळलेलं, बस्स. शोभा जिन्यात बसून हमसून रडली.

"आता कशापायी रडतीस गं? वाईट असतं तर रडायचं."

"तुला काय कळतंय, माय," म्हणाली आणि नाक पुसत हसायला लागली. मला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. दवाखान्यासमोर आम्ही तिघांनी भजी खाल्ली, मी दोन प्लेटी.

निघताना कॉम्प्युटरवरच्या त्या मुलीकडं कागद घ्यायला गेले. तिनं माझ्यासमोरच नंबर टाकला – जुनं, जुळलेलं. कधी आणि कसं मोडलं, तिथं तिचा हात थांबला.

"माहीत न्हाई, असं लिही," मी म्हणाले. डॉक्टरलाही माहीत नाही, मलाही नाही. आज इतके महिने झाले, अजूनही नाही. मी काठीशिवाय चालते, पोती तेवढी उचलत नाही.

तिनं तसंच लिहिलं. मग हळूच विचारलं, "आजी, पण एवढं हाड मोडलं... तेव्हा कधी दुखलं नाही का हो?"

"दुखलं असंल. लेकरू दवाखान्यात पडलेलं. कोण बघतंय?"

शोभा रिक्षा बघायला पुढं गेली होती, ते बरं झालं.