आधी दिवा, मग इंजिन

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाईट आहे, त्याची माफी असावी. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण पुढेमागे लेकीच्या हाती लागेल म्हणून आधीच सांगून ठेवते. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही. ज्यांना ते कळतं अशी पुष्कळ माणसं मी सहा वर्षं रोज पाहिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना दिवा कधी लावावा हेसुद्धा कळत नव्हतं.

मी मेहरूणला राहते. जळगावच्या बाहेर विमान शिकवण्याची एक छोटी शाळा होती, तिथे झाडलोटीला होते. शाळा म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, एक ऑफिस आणि तीन लहान विमानं. सकाळी शेड झाडायची, चहा करायचा आणि तिन्ही विमानं पुसायची, हे माझं काम. विमानाच्या नाकात, पंख्याच्या खाली, बशीएवढा दिवा असतो. विमान उतरताना तो लावतात. दिवसाही लावतात, म्हणजे आकाशात दुसऱ्याला आपण दिसतो. त्याच्या काचेवर किडे चिकटून मरतात. ते मी पुसायची.

तो दिवा सारखा जायचा. महिना होत नाही तोच बल्बची तार तुटायची. नवा बल्ब मुंबईहून यायचा आणि महाग असायचा. बल्ब येईपर्यंत विमान शेडमध्ये उभं राहायचं आणि साहेब आरडाओरडा करायचे. साहेब म्हणजे शाळेचे मुख्य. उंच, पांढऱ्या मिशा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. त्या पट्ट्या लावून ते संडासलाही जायचे.

एके दिवशी साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, "बल्ब का जातात?" मिस्त्री पाचोऱ्याकडचा. हाताला हुशार, पण आपल्या अंगावर काही येतंय दिसलं की दुसऱ्यावर ढकलायचा. मी तिथेच फरशी पुसत होते. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"हाई अक्का ओलं फडकं फिरावस गरम काचवर. म्हनीसन बल्ब जास."

मी विमान पुसायची सकाळी सातला. तेव्हा काच माझ्या हातापेक्षा गार असायची. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण प्रत्येकाने मला पुसताना पाहिलं होतं. पण साहेब म्हणाले, "बरोबर आहे. गरम काचेवर पाणी." आणि माझ्याकडे न बघता, "मावशी, यापुढे बल्ब गेला की पाचशे रुपये तुमच्या पगारातून जातील."

मी फरशी पुसत राहिले. मला चार माणसांत बोलता येत नाही. कान तापतात. लहानपणापासून तसंच आहे. घरी येऊन भांडी घासताना मी पुष्कळ बोलले, पण भांडी कोणाचे पाचशे परत करत नाहीत.

चार महिन्यांत चार बल्ब गेले. दोन हजार रुपये कापले. लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी बाजूला टाकत होते ते पैसे. चौथ्या वेळी साहेब म्हणाले, "पुढचा गेला तर दुसरी बाई बघू." म्हणजे आता कामही जाणार होतं. आणि नाव जाणार होतं ते असं, की हिच्या हाताला फडकं धरायची अक्कल नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंजिन सुरू करताना आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन कोणीतरी विमानासमोर बाजूला उभं राहायचं असतं. शिकणारी पोरं घरून लाखो रुपये भरून आलेली. उन्हात सिलेंडर धरणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मग ते माझ्याकडे आलं. त्यामुळे इंजिन सुरू होताना दिव्याचं काय होतं हे त्या शेडमध्ये माझ्याएवढं कोणी पाहिलं नसेल. आत बसलेल्याला आपल्या विमानाच्या नाकातला दिवा दिसत नाही.

साहेबांची एक रीत होती. विमानात बसलं की सगळ्यात आधी तो दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि मग इंजिन. "शुभकार्याआधी दिवा लागतो," असं ते पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. पोरंही मग काळा चष्मा लावून, च्युइंगम चघळत, समोरच्या घड्याळासारख्या तबकड्यांना नमस्कार करायची. ज्यांच्या घरी आई दिवा लावते आणि हे मोबाईलमधून मान वर करत नाहीत, ती पोरं. नमस्कार झाला की पट्टे बांधा, कागद चाळा, रेडिओवर बोला, दहा-दहा मिनिटं उन्हात उभं राहा. दिवा आपला पेटलेलाच. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन, त्यात पेटलेला दिवा, आणि वारा नाही. एकदा मी काचेजवळ हात नेला, तर तव्यासारखी धग लागली.

आणि इंजिन फिरायला लागलं की दिवा आधी लाल व्हायचा, विझतो की काय असा. मग इंजिन धरलं की एकदम पांढरा भक्क. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला आमची विहीर आठवली.

बोदवडजवळ माझ्या वडिलांचं शेत होतं. विहिरीवर मोटर आणि मोटरच्या खोलीत एक बल्ब. आबांचा नियम होता, बटण दाबायच्या आधी बल्ब बंद करायचा. मोटर उचलताना वीज खाली बसते, मग उसळी मारते, आणि त्या उसळीत बल्बची तार तुटते. आबांना सही येत नव्हती. पण एक बल्ब दोन-दोन वर्षं चालवायचे. आमच्याकडे सात वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक होतं. इथे खांद्यावर सोनेरी पट्ट्या.

तिसरं विमान धुळ्याच्या एका शिकवणाऱ्या मॅडमकडे असायचं. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, सोमवारी एसटीने यायच्या आणि शनिवारी जायच्या. त्या नमस्कार वगैरे करायच्या नाहीत. इंजिन सुरू करायच्या, विमान धावपट्टीच्या तोंडाशी न्यायच्या आणि तिथे दिवा लावायच्या. उतरून बाजूला वळल्या की लगेच बंद. त्यांच्या विमानाचा बल्ब वर्षभर गेला नव्हता. फडकं तेच, हात तोच. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसाला एकदा कारण मिळालं की तो दुसरं शोधत नाही, विशेषतः कारण झाडू घेऊन उभं असेल तर.

बोलता येत नव्हतं म्हणून मी एक केलं. साहेबांच्या विमानाचं नाक पुसणं बंद केलं. बाकी सगळं विमान चकचकीत आणि नाक तसंच. पंधरा दिवस. किडे, धूळ, तेलाचे शिंतोडे, सगळं काचेवर साचू दिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, ते एक बरंच झालं. रोज मनात भीती होती. दिवा टिकला तर फडक्याचाच दोष ठरेल आणि मी घरी बसेन.

सोळाव्या दिवशी बल्ब गेला.

साहेब शेडमध्ये आले. मागून मिस्त्री, पोरं, मॅडम. "मावशी," साहेब म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

मिस्त्री हसला. "अक्का, फडकं सोड आते. घर जाय, भाकरी थाप."

मी विमानाकडे गेले आणि काचेवरून एक बोट ओढलं. बोट काळं झालं. काचेवर मेलेल्या किड्यांचा थर होता आणि त्यात माझ्या बोटाची रेघ. मी बोट सगळ्यांना दाखवलं.

मॅडम पुढे आल्या. वाकून पाहिलं. "किती दिवस पुसलं नाही, ताई?"

"पंधरा," मी म्हणाले.

"म्हणजे कामचुकारपणा!" साहेब ओरडले.

मॅडम मोठ्याने हसल्या. "सर, मग फडक्याने बल्ब गेला कसा?"

साहेब मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्री छताकडे. मी जमिनीकडे बघूनच बोलले, आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. आमच्या विहिरीचं सांगितलं. दिवा लाल होतो, मग भक्क होतो, ते सांगितलं. मॅडमच्या विमानाचं सांगितलं. एवढं मी त्या शेडमध्ये आधी कधी बोलले नव्हते.

"विहिरीची मोटर आणि विमान यांत फरक असतो," साहेब म्हणाले.

"दिव्याच्या तारेला तो कळत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मिस्त्रीकडून पेचकस मागून घेतला आणि दिवा बाहेर काढला. त्याच्या मागे रबर असतं, इंजिनाची थरथर दिव्याला लागू नये म्हणून. ते रबर उन्हाने वाळून दगड झालं होतं आणि अर्धं तुटलं होतं.

"हे कधी बदललं?"

"ते... यादीमां व्हतं, मॅडम. राही गयं."

माझ्या फडक्याकडे बोट का गेलं ते मला तेव्हा समजलं.

चार दिवसांनी भिंतीवर टाईप केलेला कागद लागला. इंजिन सुरू झाल्यावरच दिवा लावावा. जमिनीवर उभे असताना दिवा बंद ठेवावा. दिव्यामागचे रबर वेळेवर बदलावे. खाली साहेबांची सही. पाहुणे आले की साहेब त्या कागदासमोर उभे राहून सांगायचे, "हे मी अनुभवातून शोधलं." मी चहा ठेवून मागे फिरायची. आणि शुभकार्याआधी दिवा हवाच म्हणून ऑफिसच्या फळीवर एक निरांजन आलं. वात करायची, तूप घालायचं, काजळी पुसायची. ते काम कोणाकडे आलं ते लिहायला नको.

बल्ब टिकायला लागले. पावसाळा गेला, नवरात्र आलं, तेच बल्ब. पण माझ्या पैशांचं नाव कोणी काढेना. मॅडमनी दोनदा विचारलं. "देऊ, देऊ," साहेब म्हणाले. गणपतीत हजार दिले, तेही सुट्या नोटांत, जणू मीच उधार मागितले होते.

दिवाळीला सगळ्यांना मिठाईचे डबे वाटले. माझ्या डब्यावर एक पाकीट होतं. आत हजार रुपये. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, तुमची दिवाळी. खूश?"

कान तापले. पण गेल्या दिवाळीला पाचशे मिळाले होते आणि मिस्त्रीच्या हातात आताही पाकीट होतं, हे मला दिसत होतं.

"साहेब, हे दिवाळीचे की कापलेले?"

मिस्त्री डब्यातली काजूकतली मोजायला लागला.

"एकच झालं ना, मावशी."

"एक नाही. कापलेले असतील तर दिवाळी राहिली. दिवाळीचे असतील तर कापलेले राहिले."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी खिशात हात घातला, पाचशेची एक नोट काढली आणि माझ्याकडे न बघता टेबलावर टाकली. "ही दिवाळी. ते कापलेले. झालं?"

"कागदावर लिहा," मी म्हणाले.

क्लार्कने व्हाउचर लिहिलं आणि सवयीने अंगठ्याची शाईची डबी पुढे केली. सहा वर्षं मी दर महिन्याला सही करत होते, तरी दर महिन्याला ती डबी पुढे यायची. मी ती बाजूला सरकवली, पेन मागितलं आणि सही केली. मग पाकिटातल्या नोटा तिथेच उभी राहून मोजल्या. आधीचे हजार आणि हे हजार. पगारातून कापलेले पैसे पुरे परत आले होते.