आवडीच्या रकान्यातली एक ओळ

“हे कशाला लिहितात लोक?” आमचे प्लांट हेड म्हणाले. सुजाताच्या रेझ्युमेत शेवटी ‘आवड’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं होतं: भीमगीतं गाणं.

सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी एचआर बघते, म्हणजे माणसं निवडायचं काम. जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची होती. तयार पार्ट मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. लेखी टेस्टमध्ये सुजाता पहिली आली होती.

ती आत आली. साहेबांनी विचारलं, “गाता तुम्ही?”

“हो सर. बाबांची गायन पार्टी आहे. मी लहानपणापासून कोरसला असते.” सांगताना तिचा चेहरा खुलला.

“राहायला कुठे?”

तिने वस्तीचं नाव सांगितलं. साहेब “अच्छा” म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली. कामाचा एकही प्रश्न नाही.

ती गेल्यावर मला म्हणाले, “मॅडम, त्या दुसऱ्या मुलाला ऑफर द्या.”

“सर, टेस्टमध्ये तो बराच मागे आहे.”

“मार्कांचं नाही हो. कल्चर फिट बघावं लागतं.”

कल्चर फिट म्हणजे माणूस टीममध्ये मिसळेल का, याचा अंदाज. त्या मुलाची आवड होती ढोल पथक. त्यावर साहेबांनी त्याच्याशी मनसोक्त गप्पा मारल्या होत्या.

“सर, ढोल चालतो, मग गाणं का नाही?”

“तुम्ही उगाच विषय वाढवू नका.”

मी डायरेक्टरांना मेल केला. उत्तर आलं, प्लांटचा निर्णय प्लांट हेडचाच.

दोन दिवसांनी सुजाताचा फोन आला. “मॅडम, मी कुठे कमी पडले?”

“कमी नाही पडलात.”

“मग?”

लगेच तीच म्हणाली, “ती आवडीची ओळ काढून टाकू का?”

तिच्या वडिलांचं काम सुटलं होतं. तिला नोकरी हवीच होती. मी म्हटलं, “काढा.”

“बाबांना काय सांगू? ती ओळ वाचून त्यांनी आईला हाक मारून दाखवली होती.”

पुढे तिला अंबडला नोकरी लागली. तिनेच फोन करून सांगितलं. “आवडीत ‘वाचन’ टाकलं, मॅडम. कोणी काही विचारलं नाही.” मी अभिनंदन केलं. आवाजात आनंद आणायला मला जड गेलं.

आता कॉलेजांत बोलायला गेले की मुलं विचारतात, रेझ्युमेत छंद लिहावेत का? कामाशी संबंध असेल तरच लिहा, एवढंच मी सांगते. सल्ला व्यवहाराचा आहे आणि उपयोगीही पडतो. मला मात्र तो देताना दर वेळी लाज वाटते.