नाव नसलेल्या प्रवाशांचा विमा

स्वतःच्या मालकीच्या गाडीत बसायला जागा न मिळणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा आहे. जळगावात त्यांची गल्ली त्यांना नाना म्हणते, मी भाऊजी म्हणते, आणि रागावले की काहीच न म्हणता फाइल त्यांच्यापुढे ठेवते. पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी मोटार घेतली. तेव्हापासून तिचा विमा, पीयूसी, टायर, बॅटरी सगळं वेळच्या वेळी होतं. म्हणजे करतात ते आणि वेळ पाळायला लावते मी, धुळ्याहून, फोनवर. चालवतात मात्र इतर. या अन्यायाचा मला जो संताप येतो त्यातला कणभरही भाऊजींना येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचाही मीच करून घेते.

गाडी चालवायला ते शिकलेच नाहीत असं नाही. रीतसर ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्याने त्यांना अजिंठा चौफुलीवर नेलं. समोरून केळीचा ट्रक आला. भाऊजी थांबले, म्हणाले, "आधी त्याला जाऊ द्या, माल नाशवंत आहे." मग एसटी आली, तिच्यात माणसं होती. मग ट्रॅक्टर, मग रिक्षा, मग एक सायकलवाला, कारण तो बिचारा पायाने चालवत होता. शिकवणारा उतरला, कोपऱ्यावर चहा पिऊन आला, तरी गाडी तिथेच आणि मागे हॉर्नचा गोंगाट. संध्याकाळी त्याने अक्काला हात जोडून सांगितलं, "ताई, नाना देवमाणूस आहेत, पण रस्त्यावर उपयोगाचे नाहीत." भाऊजींना त्याचं म्हणणं पूर्ण पटलं. त्यांनी किल्ली नेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगली, ती आजतागायत तिथेच असते. घरात ठेवली तर मागणाऱ्याला संकोच वाटेल, हे त्यांचं कारण.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असं माझं मत आहे. बत्तीस वर्षं ते एका जिनिंगच्या वजनकाट्यावर होते. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, आणि दुसरं वजन पहिल्यातून काढून टाकायचं. त्यातून त्यांनी एक तत्त्वज्ञान काढलं आहे आणि ते कोणालाही ऐकवतात: "रिकाम्या गाडीचं वजन फक्त वजा करायला असतं." दारात उभी असलेली गाडी त्यांना बघवत नाही. दोन दिवस कोणी नेली नाही तर ते अस्वस्थ होतात, गिरणीपर्यंत दोन चकरा मारतात आणि दळणाच्या रांगेतल्या बायकांना विचारतात, "कोणाकडे काही कार्यक्रम नाही का या आठवड्यात?"

माणूस बेफिकीर असता तर मी सोडून दिलं असतं. पण हा गृहस्थ विम्याच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी गेली तर विमा कंपनी हात वर करते, हे मीच त्यांना एकदा सांगितलं आणि पस्तावले. तेव्हापासून गल्लीतल्या झाडून सगळ्या लायसनांच्या तारखा त्यांना पाठ आहेत. ज्याचं संपत आलं असेल त्याच्या घरी ते महिनाभर आधी जातात, वाढदिवसाला जावं तसे, आणि अर्ज कसा करायचा ते सांगून चहा पिऊन येतात. मागे विम्याचा एजंट घरी आला होता. त्याने विचारलं, "नाना, गाडीत सहसा कोण असतं?" भाऊजी म्हणाले, "ते कसं सांगणार? तेव्हा मी नसतो." एजंट जरा गोंधळला. मग म्हणाला, जास्तीचा हप्ता भरला तर नाव नसलेल्या प्रवाशांचाही अपघात विमा मिळतो. भाऊजींचा चेहरा असा उजळला की जणू ही सोय खास त्यांच्यासाठीच काढली आहे. "हे तर आमच्याच माणसांचं आहे," म्हणाले, आणि सगळ्या सीटांचा भरला. अक्का आतून ओरडली, "नाव असलेल्या बायकोसाठी काही मिळतं का, तेही विचारा!"

अक्काचं ओरडणं चुकीचं नव्हतं. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी महिनाभर आधी कळवली होती, आदल्या दिवशी आठवणही करून दिली होती. सकाळी बसमधून उतरून पोचते तर दारात रिक्षा. गाडी चाळीसगावला बस्ता बांधायला गेली होती. कोणाचा बस्ता, तर गिरणीवालीच्या नणंदेच्या मुलीचा. "लग्नाची खरेदी आहे गं, मुहूर्त ठरलेला असतो," भाऊजी म्हणाले. ऑपरेशनला मुहूर्त नसतो म्हणून ते रिक्षाने. संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधलेल्या अक्काला घेऊन आम्ही परतत असताना आमचीच गाडी हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेली. काचेतून सहा-सात हात हलले. भाऊजींनीही हात हलवला, अगदी मनापासून. अक्काने विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "तुझी गाडी." ती म्हणाली, "बरं झालं, डोळा बांधलाय."

या पार्श्वभूमीवर यंदा गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगायला नको. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि मुख्य म्हणजे गाडी आरटीओत निरीक्षकापुढे उभी करावी लागते. नापास झाली तर संपलं. मी दोन फाइली केल्या. एकीत नोंदणीचे कागद, दुसरीत गाडी मोडीत काढायचे. दुसरी जाड होती. भाऊजींनी फोनवर चारदा विचारलं, "पास होईल ना?" पाचव्यांदा म्हणाले, "नाही झाली तर गल्लीतली माणसं रात्री-बेरात्री दवाखान्यात कशाने जातील?" मी म्हटलं, "ॲम्ब्युलन्सने जातील. तुम्ही फक्त त्या दिवशी अकरा वाजता गाडी जागेवर ठेवा. पुढची तारीख मुदत संपल्यानंतरची आहे." तीनदा "हो" म्हणाले. मी ते लिहून ठेवलं आहे.

त्या दिवशी सकाळी नऊला मी जळगावात. भाऊजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. गाडी नाही. खिळ्याला किल्ली नाही. गिरणीवालीने पिठाचे हात झटकत सांगितलं, "ताई, गाडी तं काल बोदवडले गयी. नानानीच दिधी." मी भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "ज्याने नेली त्याच्या सासूला बोदवडहून रेल्वे पकडायची होती. रेल्वे थांबते का कोणासाठी?" बोदवडला फोन लावला. तो माणूस आनंदाने म्हणाला, "गाडी का? ती रात्रीच पहूरला दिली ना. रिकामी उभी ठेवायची नाही, नानांचाच नियम आहे." पहूरला लावला. तिकडे कोणाची तरी म्हैस विताना अडली होती, आणि आमच्या गाडीने गुरांच्या डॉक्टरला आणायला गेले होते. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. भाऊजी मात्र माझ्या हातून फोन घेऊन म्हणाले, "आधी सांग, म्हैस कशी आहे?"

म्हैस सुखरूप होती, पारडी झाली होती. गाडी आरटीओच्या आवारात आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिच्यातून पहूरचा शेतकरी उतरला, डॉक्टर उतरले, आणि रस्त्यात हात केला म्हणून घेतलेल्या दोन म्हाताऱ्या उतरल्या. चाकांना शेण होतं. निरीक्षक जेवायला निघाले होते; त्यांनी भाऊजींचा शर्ट पाहिला, मग चेहरा पाहिला, आणि थांबले. दिवे लावले, ब्रेक दाबला, बॉनेट उघडलं. "चालवतं कोण?" त्यांनी विचारलं.

"ज्याला गरज असेल तो."

"आणि मालक काय करतो?"

"मालक विमा भरतो," भाऊजी म्हणाले.

मी जाड फाइल उघडायच्या बेतात होते. निरीक्षक म्हणाले, "दारात ठेवून दिलेल्या गाड्या येतात आमच्याकडे, उंदरांनी वायरी खाल्लेल्या. ही चालती आहे म्हणून शाबूत आहे." आणि गाडी पाच वर्षांसाठी पास केली. शेतकऱ्याने टाळी वाजवली, म्हाताऱ्यांनी पदराला हात पुसून गाडीच्या बॉनेटला नमस्कार केला. शासनाने वजनकाट्याच्या तत्त्वज्ञानावर शिक्का मारल्यासारखं वाटून मी इतकी चिडले, की म्हटलं, "आता निदान आज तरी भाऊजी गाडीतून घरी जातील. पुढच्या सीटवर. कोणाला चालत जावं लागलं तरी चालेल."

त्यामुळे पंधरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना त्या गाडीत पाहिलं. फाइल मांडीवर घेऊन ते एसटीत बसल्यासारखे अंग चोरून बसले होते, विम्याच्या कागदावरच्या त्या नाव नसलेल्या प्रवाशांपैकी एक. चौफुलीवर गाडी चालवणाऱ्या शेतकऱ्याला म्हणाले, "आधी त्यांना जाऊ दे." थांबल्या थांबल्या मागे न वळता त्यांनी मला विचारलं, "मी गेलो तर विमा त्याच दिवशी बाद होतो का गं?"

"भलतंसलतं बोलू नका, भाऊजी."

"भलतं काय त्यात? फाइलमधलंच विचारतोय."

बारीक अक्षरातलं मी सगळं वाचलेलं असतं. त्यामुळे उत्तर येत होतं, आणि येत होतं याचा त्या क्षणी रागही आला. "तीन महिने चालतो," मी म्हटलं. "त्याआधी मुदत संपली तर तोवर. मग वारसाच्या नावावर करावा लागतो."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे तेराव्याला पाहुणे आणा-सोडायला चालेल," म्हणाले. मग जरा थांबून, "तेवढ्यात तू करून घे. अक्काला ते ऑनलाइन जमत नाही. किल्ली गिरणीतच राहू दे."

मी ठणकावून सांगितलं की मी धुळ्याला राहते, मला माझी स्कूटर पुरते, आणि लोकांच्या म्हशींसाठी विमा भरत बसायला मला वेळ नाही. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या ट्रकला हात करून वाट दिली.

परतीच्या बसमध्ये मी वही काढली. भाऊजींच्या पानावर नोंदणी आणि पर्यावरण कर यांवर रेघ मारली, पीयूसी आणि विम्याच्या पुढच्या तारखा घातल्या. खाली एक ओळ लिहिली: गाडी माझ्या नावावर करणे, नाव नसलेल्या प्रवाशांसकट. माझ्या वहीत तारखेशिवाय काम नसतं. पेन बराच वेळ हातात धरून बसले होते. पारोळा आलं, मागे गेलं. ती जागा मी कोरीच ठेवली आहे.